आपला भोंगा आपणच वाजवायचा

एका रविवारी दुपारी मी फरशीवर पाठ टेकून पडले होते. हातात काही नाही, कानात काही नाही, नुसती वर छताकडे बघत. मुलगी आत आली आणि म्हणाली, "आई, काय करतेयस?" मी दचकून उठून बसले आणि सांगितलं, "विचार करतेय गं, मुखपृष्ठाचा." साफ खोटं. कुठलंही मुखपृष्ठ डोक्यात नव्हतं. पण नऊ वर्षांच्या पोरीसमोर "काही नाही, पडलेय" एवढं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, अधूनमधून मुखपृष्ठं करते. सतरा वर्षं हेच चाललंय, घरून, नोकरीशिवाय. त्या रविवारनंतर दोनेक वर्षं मी काही न करता बसलं की होणाऱ्या या अपराधीपणाच्या टोचणीच्या मागे लागले आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे सांगते. उदाहरणं चित्रांचीच येतील, त्याला इलाज नाही. तुम्ही लिहीत असाल, चाली लावत असाल, व्हिडिओ एडिट करत असाल, तर आपापल्या कामाचे शब्द घालून घ्या.

दुखणं नेमकं कुठे आहे

माझे बाबा कारखान्यात लेथवर होते. पाळी संपली की भोंगा व्हायचा. भोंगा झाला की मशीन बंद, चिंध्यांनी हात पुसायचे, मग साबणाने कोपरापर्यंत खसाखसा धुवायचे आणि घरचा रस्ता धरायचा. घरी येऊन ते खुर्चीत बसले की बसले. "आज आणखी दोन नग निघाले असते" म्हणून ते रात्री कूस बदलतायत, असं मी कधी पाहिलं नाही. माझ्यापेक्षा कितीतरी कष्टाळू माणूस. पण त्यांच्या दिवसाला काठ होता, आणि तो काठ दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेला होता.

आपल्या कामाला काठच नाही. चित्रात हात फिरवायला जागा कायम असते, लिखाणात वाक्य कायम बदलता येतं. त्यामुळे मी कधीही उठले तरी काम अर्धवट टाकूनच उठते, निदान मनाचा हिशेब तसाच सांगतो. आणि अर्धवट काम गप्प बसत नाही. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं होतं की पुरी झालेली कामं माणूस विसरतो, मध्येच थांबलेली लक्षात ठेवतो. पुढच्या प्रयोगांत स्मरणाची ही बाब दर वेळी तशीच उतरली नाही, पण अर्धं काम डोक्यात घरघरत राहतं हे सांगायला मला प्रयोगशाळेची गरज नाही.

२०११ साली मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला: ही घरघर थांबवायला काम संपवावंच लागतं का? उत्तर मोठं सोयीचं निघालं. ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवून टाकलं, तर काम तसंच पडून असलं तरी डोकं बरंच मोकळं होतं. माझी सगळी पद्धत या एका खुंटीवर टांगलेली आहे.

दुसरं एक कारण बोलायला जरा लाज वाटते. आपलं काम बाहेरून कामासारखं दिसत नाही. घरात बसून रेघोट्या ओढणारी बाई लोकांना तशीही निवांतच वाटते. म्हणून मग आपण दमल्याचे पुरावे गोळा करत बसतो. रात्री दीडला ईमेल पाठवणं हा माझा आवडता पुरावा होता.

सकाळीच ठरवा, किती म्हणजे पुरे

हत्तीच्या पिल्लाचं एक पान होतं. संध्याकाळी सहाला ते झालं. झालं म्हणजे खरंच झालं, पण उठवेना. म्हणून डावा कान जरा मोठा केला. मग लहान केला. मग थोडा मागे वळवला. मग आतली गुलाबी छटा काढून राखाडी घातली, मग पुन्हा गुलाबी. रात्री साडेअकराला फाइलमध्ये 'कान' नावाच्या नऊ लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) झाल्या होत्या. सकाळी ताज्या डोळ्यांनी एकेक लेयर चालूबंद करून बघितली आणि प्रकाशकाला पाठवली ती पहिलीच, सहा वाजताची. म्हणजे साडेपाच तास मी उठायची लाज वाटत होती म्हणून बसून होते, आणि त्या बसण्याला काम म्हणत होते.

त्यानंतर तीन आठवडे मी एक नोंद ठेवली. तुम्हीही आधी एवढंच करा, बाकी काही बदलू नका. टेबलाशी बसलेले तास एका रकान्यात, आणि पेन खरोखर चाललं ते तास दुसऱ्या रकान्यात. फाइलींची नावं बदलणं, निरोपांना उत्तरं देणं, दुसऱ्यांची चित्रं बघून जळणं, हे दुसऱ्या रकान्यात धरायचं नाही. माझा पहिला रकाना दिवसाला साडेनऊ तास निघाला. दुसरा चार-सव्वाचार.

चार आकडा बघून आधी मला रडू आलं. मग कळलं की हा आकडा बऱ्याच मोठ्या माणसांच्या जवळपासचा आहे. आंरी प्वँकारे हा फ्रेंच गणितज्ञ दिवसाला चारेक तासच नेटाने काम करायचा, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. चार्ल्स डार्विन सकाळी दोन बैठका मारायचा, दुपारी बाराच्या सुमाराला मुख्य काम आटोपलेलं असायचं आणि स्वारी बागेतल्या पायवाटेवर फेऱ्या मारायला निघायची. (नोकरचाकर आणि वडिलोपार्जित पैसा होता, हेही खरं. दिनक्रम उचलताना मी तेवढं विसरत नाही.) १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादकांच्या रोजनिश्या तपासल्या. सर्वांत वरच्या विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला रियाज दिवसाला साधारण साडेतीन तास भरला, तोही तुकड्यातुकड्यांनी. आणि हीच मुलं दुपारी झोप काढत होती. या अभ्यासातून 'दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो' ही गोष्ट जगभर गेली. दुपारच्या झोपेची मात्र तिथेच राहिली.

तर करायचं असं. सकाळी, कामाला हात लावण्यापूर्वी, तळहाताएवढ्या चिठ्ठीवर आजचं 'पुरे' लिहायचं. "आज पुस्तक पुढे नेणे" असं लिहिलंत तर चिठ्ठी फाडून टाका, पुस्तक कितीही पुढे नेता येतं. माझी चिठ्ठी अशी असते: "पान १४ चं रफ. तीन आकृत्या. पार्श्वभूमी नको, रंग नको." लिहिणारा असाल तर "दुसरा प्रसंग, ती दार उघडते तिथपर्यंत." संध्याकाळी तिसऱ्या माणसाने चिठ्ठी आणि काम शेजारी ठेवून बघितलं, तर झालं की नाही हे त्याला तुम्हाला न विचारता सांगता आलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यात, जेवढं लिहिलंत त्याच्या निम्मं खोडा. आपण सकाळी फार शूर असतो.

आणि एखाद्या दिवशी चिठ्ठी तीनलाच संपली, तर दिवस तीनला संपला. इथेच सगळे घसरतात, मीही घसरले. "वेळ आहे तर पान १५ पण घेऊ" म्हटलं की चिठ्ठीची किंमत संपते, कारण दुसऱ्या दिवशी मनाला माहीत असतं की हे 'पुरे' काही खरं नाही, अजून काढून घेणार आहेत. बाबांचा भोंगा कुणी म्हणालं म्हणून लांबायचा नाही, त्यावर त्यांचा विश्वास होता. आपल्या चिठ्ठीवर आपला तसा विश्वास बसायला मला दोन महिने लागले.

शेवटची पंधरा मिनिटं

उठायच्या आधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. दिवसभरात ती वाया गेल्यासारखी वाटतात, पण संध्याकाळ त्यांच्यावरच उभी असते.

त्यात मी काय करते? फाइल सेव्ह करून नीट नाव देते. 'अंतिम', 'खरंच अंतिम', 'अंतिम २' ही नावं बंद केली, आता तारीख घालते. मग उद्याचं पहिलं काम लिहिते, अर्धवट झोपेतल्या माणसालाही करता येईल इतक्या तपशिलात. कालची नोंद: "पान ९, खारीची शेपटी, डावीकडून सुरू कर. जाड ब्रश. संदर्भाचा फोटो उघडाच ठेवलाय." मॅसिकॅम्पो-बॉमाइस्टर यांचं काम हेच. शेपटी झालेली नाही, पण ती कशी होणार हे ठरलेलं आहे, म्हणून रात्री ती माझ्या मागे येत नाही. भाषांतर करणारी माझी एक मैत्रीण शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडते. क्रियापद सकाळसाठी. सकाळी बसली की ते क्रियापद लिहिण्यात हात आपोआप सुरू होतो.

त्यानंतर राहिलेल्या कामांची यादी. सगळी, बिलाच्या स्मरणपत्रापासून प्रिंटरच्या शाईपर्यंत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग केला होता, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या कामांची यादी लिहिली, काहींनी उरकलेल्या कामांची. पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. मला आधी उलटं वाटायचं, की राहिलेलं लिहून काढलं तर जीव घाबरेल. कागदावर ते फारच थोडं दिसतं.

शेवटी मी हात धुते.

हे ऐकून लोक हसतात. माझं काम टॅब्लेटवर, हाताला ना शाई ना रंग. तरी पेन खणात ठेवते, नळाशी जाते, साबण लावते आणि कोपरापर्यंत धुते, बाबा धुवायचे तसेच. नखांच्या कडेला ते अंगठा घासायचे, तेही करते. पहिले काही दिवस नाटक वाटलं. साधारण पाचव्या आठवड्यात असं झालं की फोन वाजला, हात ओले होते, आणि मला वाटलं, 'आता काय, सुट्टी झाली.' काहीही विचार न करता वाटलं. तुमची खूण दुसरी असू शकते, टेबलावर कापड टाकणं, चष्मा बदलणं, दिवा मालवणं. फक्त ती अंगाने करायची असावी. नुसतं मनात "आता बस" म्हणणं पुरत नाही, मन त्याच्यावर लगेच अपील करतं.

पडायचं, पण कसं

मोकळा वेळ मिळाला की हात फोनकडे जातो. मी तासभर दुसऱ्या चित्रकारांची कामं बघायचे आणि त्याला विश्रांती म्हणायचे. डोळे तेच, तुलना तीच, फक्त मानधन नाही. दिवसभर जे वापरलंत त्याला सोडून द्या, एवढा एक नियम मला पुरला. चित्रकाराने डोळे मिटावेत किंवा लांब बघावं. संगीतवाल्याला शांतता हवी. दिवसभर शब्दांत असलेल्या माणसाने संध्याकाळी शब्द नसलेलं काहीतरी करावं.

साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रित्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली कामानंतर माणूस कशाने सावरतो याची मोजपट्टी तयार केली. त्यात चार गोष्टी आहेत: कामापासून मनाने सुटणं, अंग सैल पडणं, नवं काहीतरी जमायला लागणं, आणि आपला वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. शेवटची मला सर्वांत उपयोगी पडली. दोन तास मोकळे आहेत, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनची वाट बघण्यात जातायत, तर ते मोकळे नाहीत.

तिसरीबद्दल थोडं. मी बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायला लागले. अजून बुडते. पाय मारता मारता मागे मागे जाते, हे भौतिकशास्त्रात कसं बसतं ते शिकवणाऱ्या बाईंनाही कळलेलं नाही. पण पाण्यात असताना हत्तीचा कान आठवत नाही, कारण श्वास कधी घ्यायचा हाच प्रश्न असतो. आणि मुख्य म्हणजे माझं पोहणं कुणाला दाखवायचं नाही. याआधी मी विणकाम करून बघितलं होतं. दुसऱ्याच मफलरला एक ओळखीची व्यक्ती म्हणाली, "किती छान, विकायला ठेव ना!" आणि संपलं. त्या रात्री मी लोकरीचा खर्च आणि तास मांडत बसले. आपल्यासारख्यांना ही भीती कायम असते, जे जमतं त्याचं काम होऊन बसतं. म्हणून अजिबात न जमणारं काहीतरी निवडा, आणि त्याचा फोटो काढू नका.

डुलकीबद्दल एवढंच, की वीस मिनिटांचा गजर लावा. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं तासभर जड राहतं. मग त्याचीही टोचणी.

चालायला जाताना वही घरी ठेवा

आता माझी मोठी चूक. पहिलं वर्षभर मी अपराधीपणाला एकच उत्तर देत होते: "विश्रांती हाही कामाचाच भाग आहे." पुरावे भरपूर होते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतांनी १९२६ सालीच सर्जनाचे चार टप्पे सांगितले, त्यातला दुसरा म्हणजे प्रश्न बाजूला ठेवून त्याला मुरू देणं. वर ज्या प्वँकारेंचं नाव आलं, त्यांना कितीतरी दिवस अडलेली कल्पना सहलीत असताना बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुचली, गणिताचा विचारही मनात नसताना. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ साली दाखवलं की आपण काहीच करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग जोमाने चालूच असतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के मेंदू, आणि पडल्यापडल्या विसेक टक्के ऊर्जा खातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना कल्पना जास्त सुचल्या.

हे सगळं खरं आहे, आणि यातल्या कशानेही माझी टोचणी गेली नाही. उलट वाढली. मी चालायला जायचे ती वही खिशात घालून. वीस मिनिटं झाली, अजून काही सुचलं नाही. अर्धा तास झाला. रिकाम्या हाताने परत आले की वाटायचं, आजचं चालणं फुकट गेलं. झोपून उठले की आधी तपासायचे, काही सुचलं का? म्हणजे मी विश्रांतीलाही कामावर ठेवलं होतं, आणि ती रोजचं उत्पादन देत नाही म्हणून तिच्यावर डाफरत होते.

एक दिवस वही विसरले. खरंच विसरले, ठरवून नाही. निम्म्या वाटेत लक्षात आलं आणि परत फिरणार होते, पण पाय दमले होते. मग पुढेच गेले. वाटेत एक कुत्रा आपली सावली हुंगत होता, ते बघत उभी राहिले, बराच वेळ. त्यातून पुढे कुठलंही चित्र निघालं नाही, आजवर नाही. तेव्हापासून वही घरी असते. सुचलं आणि विसरलं तर विसरलं. सतरा वर्षांत विसरलेल्या एकाही कल्पनेचा दावा माझ्यावर कुणी लावलेला नाही.

तुम्हाला पटायला सुरुवातीला शास्त्राचा आधार लागत असेल तर जरूर घ्या, मीही घेतला. फक्त कधीतरी तो सोडावा लागतो. अगदी काही न देणाऱ्या, निव्वळ वाया गेलेल्या एका तासाने सुरुवात करा. तास जड वाटला तर वीस मिनिटं. गजर लावून ठेवा, म्हणजे सारखं घड्याळ बघावं लागणार नाही.

तरी टोचलंच तर

टोचणारच. पहिले दोनतीन आठवडे तर आधीपेक्षा जास्त, कारण एरवी आपण कामाच्या गडबडीत ते दाबून टाकलेलं असतं.

तेव्हा स्वतःशी वाद घालू नका. एकच प्रश्न विचारा: माझ्यामुळे आत्ता कुणाचं काही अडलंय का? उत्तर 'हो' असेल, म्हणजे चित्र कालच द्यायचं होतं आणि छपाई थांबली आहे, तर ती टोचणी रास्त आहे आणि तिला ध्यानधारणेने घालवू नये. उठा, फोन करा, उशीर झालाय म्हणून सांगा, पाळता येईल अशी नवी तारीख द्या. मग परत येऊन पडा. मी हे फोन टाळून चार-चार दिवस विव्हळत पडलेय, तेव्हा अनुभवाने सांगते, फोन तीन मिनिटांचा असतो.

उत्तर 'नाही' असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून काढा. वहीच्या मागच्या पानावर मी महिनाभर लिहिलं. "बाकीचे बघ कुठे पोचले." "बसलीयेस काय?" "काम हातातून जाईल." महिन्याने वाचलं तर एकूण वाक्यं सहाच, तीच आलटून पालटून. त्यातलं "बसलीयेस काय" माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांच्या आवाजात होतं. त्यांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

"काम हातातून जाईल" हे वाक्य मात्र वेगळं काढून ठेवा.

पैसे आणि फोन

कारण त्याच्यात तथ्य असतं. पगारी माणसाचा रविवार पगारात बसलेला असतो, आपला आपल्या खिशातून जातो. तेव्हा हा प्रश्न मनाचा नाही, दराचा आहे, आणि दर ठरवताना एक त्रैराशिक करावं लागतं. वर्षाचे दिवस ३६५. आठवड्याचे दोन सुट्टीचे धरले तर १०४ गेले, उरले २६१. पंधरा दिवस मोठी सुट्टी, दहा दिवस आजारपण, उरले २३६. त्यातला चौथा हिस्सा बिलं, बोलणी, नमुने, न मिळालेल्या कामांच्या मागे जातो, असं मी माझ्यापुरतं धरते. उरले १७७. वर्षाला लागणारी रक्कम १७७ ने भागायची, ३६५ ने नाही. मी कित्येक वर्षं ३६५ ने भागत होते आणि वर सुट्टी घेतली की पाप केल्यासारखं वाटून घेत होते. तो दर लगेच मिळेल असं नाही. मलाही जुन्या लोकांकडे हळूहळू वाढवावा लागला, दोघे सोडूनही गेले. तोवर निदान आठवड्याचा अर्धा दिवस पक्का करा आणि तो कॅलेंडरवर शाईने लिहा.

उलट बाजूचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. माझे साडेनऊ तास गुणिले सहा दिवस. करून बघा.

फोनबद्दल. आधी मी सुट्टीच्या दिवशी निरोप आला की लांबलचक माफीनामा पाठवायचे: घरी पाहुणे आहेत, तब्येत बरी नाही, नेट गेलंय. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा सुचवतो. आता एवढंच लिहिते: "नमस्कार, निरोप मिळाला. सोमवारी ११ नंतर बघून कळवते." त्यात 'सॉरी' नाही आणि कारणही नाही. आजवर यावर कुणी रागावलेलं नाही. एका संपादकांनी तर उत्तरात लिहिलं, "बरं झालं, मीही आता बंद करतो."

एक गोष्ट गंभीरपणे. पंधरा दिवस नीट विश्रांती घेऊनही थकवा तसाच असेल, आवडतं काम नकोसं, तुच्छ वाटायला लागलं असेल, झोप उडाली असेल, तर चिठ्ठ्या आणि साबण यांच्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद आहे, आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. पण त्याच्या आडून नैराश्य किंवा थायरॉइडसारखं काही आलेलं असू शकतं, आणि ते आपल्याला घरबसल्या ओळखता येत नाही.

चुकलं की

चुकणार आहेच. आठवड्यातून एखाद्या रात्री मी हात धुतल्यावरही परत टेबलाशी जाते. त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त विश्रांती घ्यायची नाही, की भरपाई म्हणून कमीही नाही. फक्त वेळ आणि कारण, एका ओळीत लिहून ठेवायचं. या महिन्यात अशा तीन ओळी आहेत. गेल्या आठवड्यातली: "मंगळवार, ९:४० ते १०:१५, कान."